मकरसंक्रांति : तिची तिथि, तिची तारीख आणि पानिपतची समजूत

१. प्रास्ताविक

पानिपतचा संग्राम मकरसंक्रांतीच्या दिवशीं झाला, अशी समजूत महाराष्ट्रांत सर्वत्र रूढ आहे. व्याख्यानांत ती ऐकूं येते, वर्तमानपत्रांत दरवर्षीं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत ती छापली जाते, आणि एखाद्यावर अकस्मात् संकट आलें असतां "संक्रांत कोसळली" असें जें आपण म्हणतों, तो वाक्प्रचारही त्या दिवसापासूनच सुरू झाला, असें सांगण्यांत येतें. समजूत मनाला चटका लावणारी आहे. घरोघर तिळगूळ वाटला जात असतां तिकडे एक पिढी कापली गेली, हें चित्र कोणाही मराठी माणसाच्या अंतःकरणास भिडल्यावांचून राहत नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें चित्राच्या परिणामकारकतेवर न जातां पंचांग उघडून पाहिलें पाहिजे. तसें पाहिलें असतां ही समजूत टिकत नाहीं, असा आमचा निष्कर्ष आहे.

हा विषय केवळ एका तारखेचा असता तर त्यासाठीं इतका प्रपंच करण्याचें प्रयोजन नव्हतें. पण त्याच चुकीनें जुन्या कागदपत्रांचा काळ ठरवितांनाही घोटाळे होतात. पेशवाईंतील पत्रव्यवहारांत संक्रमणाचे शर्करायुक्त तीळ पाठविले आहेत, त्यांचा स्वीकार व्हावा, अशा आशयाचा मजकूर वारंवार आढळतो. कित्येक पत्रें तर केवळ तेवढ्याच निमित्तानें लिहिलेलीं असतात. अशा पत्रावर तिथि असली तरी शक बहुधा नसतो. मग "संक्रांत म्हणजे १४ जानेवारी" असें गृहीत धरून संग्राहक त्यावर पेन्सिलीनें तारीख टिपून ठेवतो, आणि पुढील वाचक ती टीप प्रमाण मानतो. सबब संक्रमण म्हणजे काय, त्याभोंवतीं सण कसा उभा राहिला, त्याची तारीख कां सरकते व कागदाचा काळ ठरवितांना त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

२. संक्रमणाचें स्वरूप

आपले बहुतेक सण तिथीवर चालतात. गणेशचतुर्थी, विजयादशमी, दीपावली, हे सर्व चंद्राच्या कलांवर अवलंबून. मकरसंक्रांतीचें तसें नाहीं. सूर्य धनु राशि सोडून मकर राशींत प्रवेश करतो तो क्षण म्हणजे मकरसंक्रमण. त्या दिवशीं तिथि कोणतीही असूं शकते. अशीं संक्रमणें वर्षांत बारा होतात. पैकीं मेष व तुला हीं विषुवाचीं आणि कर्क व मकर हीं अयनाचीं म्हणून विशेष महत्त्वाचीं मानलीं गेलीं. या चारांतही लोकांनीं खरा सण केला तो मकरसंक्रमणाचा.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आपल्या अमान्त पद्धतींत चांद्रमासास नांव मिळतें तेंच मुळीं सूर्यसंक्रमणावरून. ज्या मासांत मेषसंक्रमण घडतें तो चैत्र, ज्यांत वृषभसंक्रमण घडतें तो वैशाख, आणि याच क्रमानें ज्यांत मकरसंक्रमण घडतें तो पौष. अर्थात् मकरसंक्रमण पौषांत येतें असें म्हणण्यापेक्षां, तें जेथें येतें तो पौष, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. पौष शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत तें कोणत्याही तिथीस घडूं शकतें, पण त्या मासाबाहेर जात नाहीं. क्षयमास हा काय तो विरळा अपवाद. उत्तरेकडील पूर्णिमान्त पद्धतींत मात्र कृष्णपक्ष पुढील मासाच्या नांवानें ओळखला जातो. म्हणून आपल्या पौष वद्यांतील संक्रांत तिकडील कागदांत माघ वद्यांत दिसते. हिंदुस्थानांतील, म्हणजे नर्मदेपलीकडील, वकिलांचीं व सरदारांचीं पत्रें चाळणाऱ्यानें हा भेद विसरतां कामा नये.

संक्रमणाचा क्षण सूक्ष्म. त्या क्षणीं स्नानदान शक्य नाहीं. म्हणून धर्मशास्त्रकारांनीं पुण्यकालाची योजना केली. यादवांच्या राजवटींत हेमाद्रीनें चतुर्वर्गचिंतामणि रचला, कमलाकरभट्टानें इ. स. १६१२ मध्यें निर्णयसिंधु पुरा केला व पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं शके १७१२ मध्यें, म्हणजे इ. स. १७९० च्या सुमारास, धर्मसिंधु लिहिला. संक्रमणाच्या पुढील किती घटिका पुण्यकाल धरावा याविषयीं निबंधकारांत मतभेद असला, तरी मकरसंक्रमणाचा पुण्यकाल संक्रमणानंतरचा, आणि सूर्यास्तानंतर संक्रमण झाल्यास तो दुसऱ्या दिवशीं, ही व्यवस्था आपल्याकडे मान्य झालेली आहे. कागदांतील संक्रांतीचा दिवस आणि गणितानें येणारा संक्रमणाचा क्षण यांत कधीं कधीं एका दिवसाचें अंतर पडतें, त्याचें कारण हेंच.

३. सणाचा आचार

महाराष्ट्रांत हा सण तीन दिवसांचा. पहिला दिवस भोगीचा. त्या दिवशीं अभ्यंगस्नान करून तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि भोगीची भाजी असा बेत असतो. त्या भाजींत ओला हरभरा, पावटा, घेवडा, वांगें, गाजर, बोर असें त्या दिवसांत शेतमळ्यांत जें जें तयार असेल तें सर्व एकत्र पडतें व वर तिळाचें कूट. दुसरा दिवस संक्रांतीचा. सुवासिनी सुगडांची पूजा करतात. सुगड म्हणजे लहानसें मातीचें मडकें; त्यांत हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाचीं पेरें, बोरें, गाजराचे तुकडे, तीळगूळ घालून त्यास दोरा गुंडाळतात, हळदकुंकवाचीं बोटें ओढतात व तें देवापुढें व एकमेकींस वाण म्हणून देतात. तिसरा दिवस किंक्रांतीचा. हा करिदिन मानला असल्यानें शुभकार्यास वर्ज्य.

या पदार्थांची यादी नुसती वाचली तरी सणाचें मूळ कळून येतें. तीळ हें खरिपाचें पीक. पौषापर्यंत तें झोडपून घरांत आलेलें असतें. गुऱ्हाळें सुरू होऊन नवा गूळ बाजारांत आलेला असतो. रब्बीचा हरभरा व गहूं अद्याप शेतांत हिरवे उभे असतात. घाटे व ओंब्या हीं पीक हातीं येण्यापूर्वींचीं. म्हणजे सुगडांत एका हंगामाचें घरांत आलेलें धान्य आणि दुसऱ्या हंगामाचें येऊं घातलेलें धान्य हीं दोन्हीं एकत्र येतात. आलेल्याबद्दल कृतज्ञता व येणाऱ्याबद्दल आशा, असा हा दोन सुगींच्या सांध्यावरचा सण आहे. मातीच्या भांड्यांत हिरवें धान्य भरून तें स्वतःजवळ न ठेवतां दुसरीस देणें, यांत त्याचें मर्म सांठविलेलें आहे.

हळदीकुंकवाचा समारंभ संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतो. हेंही मोठें सूचक आहे. आरंभ सूर्याच्या राशिप्रवेशावर, शेवट माघ शुद्ध सप्तमी या तिथीवर. आणि तीही सूर्याचीच पूजा. एक टोंक सौर व दुसरें चांद्र असल्यामुळें हा काळ दरवर्षीं सारखा नसतो. संक्रमण पौषाच्या आरंभीं झालें तर समारंभास महिन्याहून अधिक अवधि मिळतो; अमावास्येजवळ झालें तर जेमतेम आठवडा. नवविवाहित वधूस काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालणें, तान्ह्या मुलांस बोरन्हाण घालणें, हे सोहळे याच अवधींत होतात. एरव्हीं अशुभ मानलेला काळा रंग या एका सणास मान्य व्हावा, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. थंडीच्या दिवसांत काळें वस्त्र ऊब धरतें, हें त्याचें व्यवहारी कारण सामान्यतः सांगितलें जातें.

शेजारच्या प्रांतांकडे पाहिलें असतां या आचाराचें क्षेत्र स्पष्ट होतें. कर्नाटकांत एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ व गूळ, वाटण्याची व गोड बोलण्याची विनंति करण्याची चाल आपल्यासारखीच आहे. आंध्र व तमिळ प्रदेशांत आदला दिवस भोगी याच नांवानें पाळतात. तमिळांचा मुख्य दिवस पोंगलचा, नव्या तांदळाचें अन्न सूर्यासमोर उतूं जाईपर्यंत शिजविण्याचा. गुजरातेंत सणास उत्तरायण हेंच नांव राहिलें. नांवें व धान्यें वेगळीं, पण नवें अन्न सूर्यास दाखवून वाटणें हें सूत्र एकच.

४. दानपर्व व उत्तरायण

संक्रांतीच्या वाणाचें मूळ दानधर्मांत आहे. ग्रहण, अयन व विषुव हीं दानाचीं प्रशस्त पर्वें. शके १५८६ च्या पौष अमावास्येस सूर्यग्रहण असतां शिवछत्रपतींनीं महाबळेश्वर येथें मातुःश्री जिजाबाईंची तुला केली, हें सर्वश्रुत आहे. तेथें पर्व ग्रहणाचें होतें. दक्षिणेंतील ताम्रपट व शिलालेखांत याच तोलानें उत्तरायणसंक्रांतीचा उल्लेख वारंवार येतो. राष्ट्रकूट सम्राट् पहिला अमोघवर्ष याचा संजाण येथें सांपडलेला ताम्रपट शके ७९३ चा, म्हणजे इ. स. ८७१ चा आहे. त्यांतील ग्रामदान पौष मासांत उत्तरायणाच्या महापर्वावर दिल्याचें नमूद आहे. लोकांवरील अरिष्ट टळावें म्हणून अमोघवर्षानें आपलें बोट महालक्ष्मीस अर्पण केल्याची हकीकत ज्यांत आली आहे, तोच हा ताम्रपट. राजानें गांव द्यावें व गृहिणीनें सुगड द्यावें, दोहोंचा मुहूर्त एक व बुद्धीही एकच. पहिल्या दानाचा लेख तांब्यावर राहिला, दुसऱ्याचा चालीरीतींत राहिला, एवढाच काय तो फरक.

उत्तरायण व मकरसंक्रमण हे दोन शब्द अशा लेखांत एकाच अर्थानें येतात, पण ते मूळचे एक नव्हेत. वेदांगज्योतिषांत उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठांच्या आरंभीं सांगितला आहे; तेथें मेषादि राशींचा संबंध नाहीं. महाभारतांतही मेषादि राशि नाहींत; भीष्म उत्तरायणाची वाट पाहत शरपंजरीं पडले तें उत्तरायण माघाच्या शुक्लपक्षाशीं जोडलेलें आहे, मकर राशीशीं नव्हे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत स्पष्ट म्हटलें आहे कीं, पूर्वशास्त्रांत सांगितलेले अयनारंभ एकदां तसे होतेच, परंतु आपल्या काळीं ते कर्काच्या व मकराच्या आरंभीं होतात. अयनारंभ हलतो याची जाणीव या विधानांत उघड दिसते. वराहमिहिराच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकांत, उत्तरायण व मकरसंक्रमण एकत्र होतीं. तेव्हांपासून तीं हळूहळू विलग होत गेलीं. अमोघवर्षाच्या दानाच्या वेळींच सूर्य प्रत्यक्ष उत्तरेकडे वळून सुमारें सहा दिवस उलटले होते. आज तें अंतर तीन आठवड्यांहून अधिक आहे. दिवस मोठा होऊं लागतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेपासून, आणि संक्रांत येते जानेवारीच्या मध्यास.

५. तारीख कां सरकते

याचें कारण वर्षमानाचा भेद. सूर्यसिद्धान्ताचें सौरवर्ष ३६५ दिवस, १५ घटिका, ३१ पळें व ३१ विपळें, म्हणजे ३६५.२५८७५६ दिवसांचें. सध्यांच्या इंग्रजी पंचांगाचें सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचें. दोहोंतील अंतर वर्षास एका घटिकेहून कांहींसें कमीच असतें खरें. परंतु तें साठत जाऊन साडेएकसष्ट वर्षांत एक पूर्ण दिवस होतो. आधुनिक वेधसिद्ध नाक्षत्रवर्ष घेतलें तर हा दिवस सुमारें बाहात्तर वर्षांत भरतो. कोणतेंही मान घ्या, संक्रांत इंग्रजी तारखांतून पुढें सरकत राहते हें अटळ आहे.

सूर्यसिद्धान्ताच्या मानानें आम्हीं केलेलें गणित व सर्वमान्य नोंदी यांचा मेळ असा बसतो. शिवराज्याभिषेकापूर्वींची, म्हणजे शके १५९५ ची संक्रांत नव्या गणनेनें इ. स. १६७४ च्या ८ जानेवारीस सायंकाळीं पडते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीस १२ जानेवारी १८६३ रोजीं झाला, हें त्यांच्या चरित्रांत सर्वत्र नमूद आहे. गणितही तोच दिवस देतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं संक्रांत १३ व १४ या तारखांमध्यें हिंदकळत होती, पुढें ती १४ वर स्थिरावल्यासारखी झाली, आणि एकविसाव्या शतकांत कित्येक वर्षीं ती १५ वर गेलेली आपण पाहिली. २०२४ सालीं ती १५ जानेवारीसच होती. म्हणजे "१४ जानेवारी" हें संक्रांतीचें सनातन लक्षण नसून तिच्या प्रवासांतील एक मुक्काम आहे.

इंग्रजी साधनांशीं काम करणाऱ्यानें आणखी एक गोष्ट सांभाळावी. इंग्रजांनीं नवी गणना स्वीकारली ती सप्टेंबर १७५२ मध्यें. त्यापूर्वींच्या सुरत, मुंबई, राजापूर वगैरे वखारींच्या कागदांतील तारखा जुन्या गणनेच्या आहेत. शिवकालांत हें अंतर दहा दिवसांचें. त्यामुळें शके १५९५ ची उपरिनिर्दिष्ट संक्रांत इंग्रजी वखारीच्या वहींत शोधावयाची तर ती १६७३ च्या डिसेंबरच्या २९-३० तारखेस शोधावी लागेल; जानेवारीचीं पानें उलटून उपयोग नाहीं. उलट पोर्तुगालनें नवी गणना १५८२ मध्येंच स्वीकारलेली असल्यानें पोर्तुगीज कागदांत तीच संक्रांत जानेवारींत येते. एकच दिवस दोन दप्तरांत दोन वेगळ्या वर्षांत नोंदला जावा, याहून सावधगिरीचें दुसरें उदाहरण नको.

६. पानिपतचा दिवस

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पानिपतचा संग्राम शके १६८२ विक्रमनाम संवत्सरीं पौष शुद्ध अष्टमीस, बुधवारीं, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. तिथि, वार व तारीख यांचा परस्पर मेळ बसतो. याविषयीं वाद नाहीं.

त्या वर्षींचें मकरसंक्रमण केव्हां झालें? सूर्यसिद्धान्ताच्या मानानें गणित केलें असतां तें उज्जयिनीच्या वेळेनें १० जानेवारी १७६१ रोजीं, शनिवारीं, सूर्योदयाच्या सुमारास येतें. आधुनिक वेधसिद्ध मानानें, सध्यां प्रचलित असलेला अयनांश धरून मागें हिशेब केला, तर तें त्याच दिवशीं दुपार उलटल्यावर येतें. दोन पद्धतींत कांहीं तासांचें अंतर पडलें तरी दिवस बदलत नाहीं. म्हणजे संक्रांतीचा पुण्यकाल शनिवारीं १० तारखेस होऊन गेला होता. किंक्रांत ११ तारखेस झाली होती. आणि लढाई त्यानंतर तिसऱ्या दिवशीं झाली. पौष शुद्ध अष्टमी ही संक्रांतीची तिथि नव्हती.

यावर असा आक्षेप येईल कीं, चार दिवसांच्या अंतरानें काय बिघडलें? सण नुकताच होऊन गेला होता, हळदीकुंकवाचे दिवस चालू होते, मग लोकांनीं लढाई संक्रांतीची म्हटली तर त्यांत वावगें काय? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. पौषांतील तो पंधरवडा संक्रांतीचाच होता, आणि भाऊसाहेबांच्या छावणींत, जेथें अन्नधान्याची टंचाई पराकोटीस पोंचली होती तेथें, त्या वर्षींची संक्रांत कशी झाली असेल याची कल्पना कोणासही करवते. परंतु "संक्रांतीच्या सुमारास" व "संक्रांतीच्या दिवशीं" हीं दोन विधानें निराळीं आहेत. पहिलें खरें आहे. दुसरें खरें नाहीं. आणि दुसऱ्यावर जेव्हां वाक्प्रचाराची व्युत्पत्ति उभारली जाते, तेव्हां तें दुरुस्त करणें प्राप्त होतें.

ही समजूत रुजली कशी, याविषयीं आमचा तर्क असा. अठराव्या शतकांतील माणूस लढाई अष्टमीची म्हणून ओळखत होता. त्याच्यापुढें पौषांतील संक्रमणाची तिथिही होती. दोहोंची गल्लत होण्याचें त्यास कारण नव्हतें. पुढें इंग्रजी तारखांचा प्रघात पडला, लढाई "१४ जानेवारीची" झाली. आणि विसाव्या शतकांत संक्रांतही सरकत सरकत त्याच तारखेवर येऊन ठेपली. दोन भिन्न दिवस एकाच आंकड्याखालीं आल्यावर लोकांनीं ते एक मानले. म्हणजे हा पूर्वजांच्या आठवणीचा दोष नसून दिनदर्शिकेचा आहे. १८६३ सालीं संक्रांत १२ तारखेस पडत असतां अशी समजूत तारखेच्या आधारें उत्पन्नच होऊं शकली नसती.

७. "संक्रांत कोसळणें"

मग वाक्प्रचाराचें मूळ कोठें शोधावें? आमच्या मतें तें पंचांगांतच आहे. पंचांगांत संक्रांतीचें फल सांगण्याची जुनी रीत आहे. तेथें संक्रांति ही स्त्रीरूप देवता असते. ती कोणत्या वाहनावर बसून आली, कोणतें वस्त्र नेसली आहे, हातांत कोणतें शस्त्र आहे, कशाचा टिळा लावला आहे, काय भक्षण करते, कोणत्या दिशेकडून येते, कोणत्या दिशेस जाते व कोणत्या दिशेकडे पाहते, हें सर्व दरवर्षीं दिलेलें असतें. जी वस्तु तिनें धारण केली ती महाग होते किंवा नाश पावते, ज्या दिशेकडे ती गेली वा तिनें पाहिलें तेथें पीडा होते, अशी श्रद्धा. "यंदा संक्रांत कशावर?" असा प्रश्न घरोघर विचारला जाई. संक्रांतीनें संकरासुरास व दुसऱ्या दिवशीं किंकरासुरास मारलें, ही कथाही याच उग्र रूपाची.

ज्या देवतेची दृष्टि जिकडे वळेल तिकडे हानि, तिची "संक्रांत आली" असें म्हणण्यास पानिपताची गरज नाहीं. पानिपतनें त्या वाक्प्रचारास एक दारुण उदाहरण मिळवून दिलें, असें फार तर म्हणतां येईल. या सणाचीं दोन अंगें त्यामुळें लक्षांत येतात: एक पंचांगांतील भयाचें, दुसरें सुगडांतील स्नेहाचें. विशेष हें कीं, लोकांनीं पहिलें अंग भाषेंत ठेवलें व दुसरें आचारांत. बोलण्यांत संक्रांत म्हणजे अरिष्ट, आणि तिच्याच दिवशीं हातावर तीळ ठेवून गोड बोलण्याची विनंति. ज्या दिवशीं देवता रुष्ट असण्याचें भय, त्या दिवशीं माणसांनीं तरी एकमेकांशीं रुष्ट राहूं नये, असा या दोहोंचा मेळ आम्हांस दिसतो. पेशवाईंतील तिळाच्या पत्रांचें महत्त्वही यांतच आहे. वर्षभर कुरबुरी केलेले मुत्सद्दी व सरदार या एका निमित्तानें परस्परांस तीळ पाठवीत. तीळ कोणी कोणास पाठविले व कोणास पाठविण्याचें थांबविलें, ही नोंद काळजीपूर्वक ठेविली तर राजकारणाचे धागे त्यांतूनही उकलतील.

८. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनाचा व्यवहारांत उपयोग कसा होईल तें सांगून लेख पुरा करतों. समजा, एखाद्या सुट्या पत्रावर तिथि व वार आहे, शक नाहीं, आणि मजकुरांत संक्रमण त्याच दिवशीं किंवा आदल्या दिवशीं झाल्याचें म्हटलें आहे. असें पत्र टाकाऊ नसून मोठें बोलकें आहे. कारण संक्रमण सौर व तिथि चांद्र. या दोहोंचा विशिष्ट संयोग साधारणतः एकोणीस वर्षांनीं, एखाद्या तिथीच्या फरकानें, पुन्हां येतो. शंभर वर्षांच्या अवधींत अशीं पांचसहा वर्षेंच निघतात. त्यांत वार मिळवून पाहिला कीं बहुधा एकदोनच शिल्लक राहतात. आणि पत्रांतील माणसांचीं नांवें पाहतां तेवढाही संशय उरत नाहीं. मोडकांची जंत्री, शिवकालासाठीं खऱ्यांची शकावली, आणि सूक्ष्म गणितासाठीं सीवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ चा किंवा स्वामीकन्नु पिल्ले यांचा ग्रंथ हाताशीं असला म्हणजे हें काम घटकाभराचें आहे.

१८६५ नंतरच्या कागदांविषयीं एक सूचना निराळी द्यावयास हवी. त्या वर्षीं केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघालें. त्यांत रेवतीचा योगतारा आरंभस्थान धरल्यामुळें संक्रमण जुन्या पंचांगापेक्षां सुमारें चार दिवस आधीं येतें. टिळक पंचांग हें त्याच परंपरेंतलें असल्यानें त्यांत आजही संक्रांत १० जानेवारीस पडते. १७६१ सालची जुन्या पंचांगाची १० जानेवारी व आजची टिळक पंचांगाची १० जानेवारी हीं अगदीं भिन्न कारणांनीं एक दिसतात. एका आंकड्याच्या साम्यानें एकदां फसलों; दुसऱ्यांदां फसूं नये.

हस्तलिखितांच्या संग्रहांत जुनीं लेखी पंचांगें असतात. पोथ्यांच्या मानानें त्यांस कोणी विचारीत नाहीं. वर्ष सरलें कीं पंचांग निरुपयोगी, ही घरगुती समजूत संग्राहकांच्याही मनांत असते. तीं जपून ठेवावींत, त्यांवरील संक्रांतीच्या पानाची नक्कल करून घ्यावी आणि शक, गांव व ज्योतिष्याचें नांव टिपून ठेवावें. त्या पानावरून संक्रमण किती घटिकांनीं झालें, पुण्यकाल कोणत्या दिवशीं धरला, हें त्या गांवच्या प्रत्यक्ष व्यवहारानिशीं कळतें. आम्हीं गणितानें मागें जाऊन जें काढतों तें तेथें समकालीन शाईंत लिहिलेलें असतें. शके १६८२ चें असें एखादें पंचांग कोणाच्या दप्तरांत निघालें, तर या लेखांतील गणिताची परीक्षा एका दृष्टिक्षेपांत होईल. ती परीक्षा आमच्या विरुद्ध गेली तरी आम्हांस ती हवीच आहे.